एकाच बांगड्याचे दोन तुकडे

"मेलेल्या माणसाचं रक्त आणलंत कुठून तुम्ही? कुठून आणलंत?"

मुंबईचे प्रोफेसर ओरडत होते. आमच्या मालवणच्या इस्पितळात ओरडणं काही नवीन नव्हतं, पण शुद्ध मराठीत एवढ्या मोठ्यानं कोणी पहिल्यांदाच ओरडत होतं. त्यामुळे खालचे पेशंट आपापले ताप आणि खोकले बाजूला ठेवून जिन्यावर येऊन उभे राहिले. एकजण सलाईनची बाटली स्वतःच हातात धरून आला होता असं मी नेहमी सांगतो. बाटली होती हे नक्की. सलाईनची होती की सोड्याची, ते सोडा.

टेबलावर दोन कागद होते, शेजारी शेजारी, मासेवाल्या फळीवर सरंगे मांडतात तसे. कागदांच्या पलीकडे ती बसली होती. खुर्चीवर मांडी घालून, पदर खोचून. प्रोफेसरांच्या तोंडाकडे ती अशी बघत होती, जणू त्यांचा भाव अजून उतरायचा आहे.

"हा माणूस," प्रोफेसरांनी एका कागदावर बोट आपटलं, "हा तीन वर्षांपूर्वी वारला म्हणता! मग ह्याचं रक्त गेल्या महिन्यात माझ्या लॅबमध्ये आलं कसं?"

"ता तुमी सांगा," ती म्हणाली. "तेका रोग आसा म्हणान तुमीच लिवन दिलास."

मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. ते रक्त कुठून आलं हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक मी होतो.

मी गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याचा. मालवणच्या त्या धर्मादाय इस्पितळात लॅब टेक्निशियन म्हणून लागलो आणि खोली शोधत तिच्या दारात गेलो, तेव्हा तिनं आधी माझ्या चपला बघितल्या, मग मला.

"खंयचो?"

"बांद्याचो."

"म्हंजे अर्धो गोंयकार." हे तिनं अशा सुरात म्हटलं की मला माझ्याच आडनावाची शंका आली. मग आत जाऊन ती दोन वाट्या घेऊन आली. "ह्या वाटयेत आजचो बांगडो. ह्या वाटयेत कालचो. खावन सांग कसो लागता."

मी पहिली वाटी चाखली आणि डोळे मिटून "अहाहा" केलं. दुसरी चाखली आणि तोंड वाकडं केलं. "काकी, ह्यो वायच उतरलो हा. वास मारता."

"दोनय तुकडे एकाच बांगड्याचे," ती म्हणाली. "तू तोंडान खायनस नाय. कानान खातंस."

मी वहाणा शोधायला लागलो.

"खंय चललंस? रव हयसर. तू खोटा बोलतंस ता लगेच तोंडार दिसता. असो भाडोत्री बरो."

अशी ती. मासळी बाजारात उजव्या हाताच्या तिसऱ्या ओट्यावर बसायची. आवाज असा की तिनं "सुरमय घेवा गो" म्हटलं की समुद्रातल्या किल्ल्यात राहणाऱ्या बायका तिकडूनच "कशी दिलंस?" म्हणून विचारायच्या, आणि मधल्या पाण्यातली सुरमय तोंड फिरवून देवगडला जायची. खोटं वाटत असेल तर देवगडवाल्यांना विचारा, त्या वर्षांत त्यांना एवढी सुरमय लागली कशी.

पण खरी गोष्ट तिचा आवाज नव्हे, तिचा संशय. दुसऱ्या बायका मासळीचे कल्ले उघडून बघतात, ती जगातल्या सगळ्याच गोष्टींचे कल्ले उघडून बघायची. वेळ तिघांना विचारायची आणि मग भरती कुठवर आली ते बघून चौथी आपली ठरवायची. थर्मामीटर लावायचा तर म्हणायची, "आदी तुज्या काखेत घाल." देवळात गुरवानं गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं, की ती हळूच पुढे सरकून देवाला वेगळं सांगायची, "ह्येना सांगल्यान ता खरा की खोटा, ता तू बगून घी, महाराजा." गुरव तिच्याशी अकरा वर्षं बोलत नव्हता. देवाचं माहीत नाही.

एकदा एक हॉटेलवाला आला, मोठा मासळीतला दर्दी म्हणवणारा. तिनं एकाच सुरमईचे दोन भाग दोन टोपल्यांत ठेवले. "ही हयसरची. ही देवबागची." त्यानं दोन्हींवर नाक नेलं आणि देवबागच्या चवीबद्दल असं काही भाषण केलं की बाजारातली मांजरंसुद्धा बसून ऐकायला लागली. तिनं त्याला काही विकलं नाही. शेजारच्या ओट्यावर जिच्याशी तिचं वाकडं होतं, तिच्याकडे त्याला पाठवून दिलं. कायमचं गिऱ्हाईक म्हणून.

आणि कोणी काहीही ठामपणे सांगितलं, की तिचं एकच उत्तर. "असात." म्हणजे असेल. ह्या एका शब्दात ती समोरच्याला खोटारडा, बावळट आणि आपला वेळ घेणारा, तिन्ही म्हणायची.

तिच्या नवऱ्यावर मात्र तिचा संशय नव्हता. काका म्हणजे अगदी अबोल माणूस. हंगामात रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, दोरी ओढायचे आणि पावसाळ्यात समुद्र बंद झाला की दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायचे. दोघांच्या घरात बोलण्याचं सगळं काम ती करायची आणि ऐकण्याचं ते.

एका पावसाळ्यात काकांना ताप आला. अंग मोडून आलेलं, पोटऱ्या धरल्या तरी ओरडायचे, डोळे लालबुंद. आमच्या डॉक्टरांना शंका आली की हा लेप्टो असावा, शेतातल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून येणारा. पण तसाच दिसणारा ताप दुसराही असतो. खात्री करायची तर रक्त शहरात पाठवायचं. मीच काढलं, मीच बंद केलं, मीच एस.टी.वर नेऊन दिलं. डॉक्टर रिपोर्टची वाट बघत राहिले. चौथ्या दिवशी काका गेले.

रिपोर्ट बाराव्याच्या दिवशी आला. पानं मांडून झाली होती तेव्हा. मीच नेऊन दिला, मूर्खासारखा. तिनं हात पुसले आणि बोट ठेवून ठेवून वाचला.

"म्हंजे रोग कळलो?"

"होय काकी."

"तेच्यार औषध आसा?"

"आसा. वेळार दिला तर."

तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या खिशात घालून दिली. "तुमच्याकडेच ठेव. हयसर आता तेचा काम नाय."

आमचे डॉक्टर त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या ओट्यावरून मासळी घ्यायला जायचे आणि न घेताच परत यायचे.

म्हणूनच, दोनेक वर्षांनी तो बीजनिधीचा कागद आला तेव्हा डॉक्टरांनी त्याच्यावर जवळजवळ झडप घातली. योजना साधी होती. प्रयोगशाळेत शोधलेल्या गोष्टी कपाटातच राहतात, त्या पेशंटच्या खाटेपर्यंत पोचवायच्या. म्हणून एक प्रयोगशाळावाला आणि एक इस्पितळवाला अशी जोडी जमवायची, आणि त्या जोडीला निधीवाले एका वर्षासाठी थोडे पैसे देणार. बी रुजलं तर पुढे मोठा निधी. प्रोफेसरांकडे एक पट्टी होती. रक्ताचा थेंब टाकायचा, पाव तास थांबायचं, दोन रेघा उठल्या तर लेप्टो, एक उठली तर नाही. आमच्याकडे पेशंट होते. आमच्या लॅबमध्ये पट्टी बघायची, त्याच रक्ताची नळी शहरात प्रोफेसरांकडे पाठवायची, तिथे ते जुन्या खात्रीच्या पद्धतीनं तपासणार आणि पट्टी खरं बोलते की नाही ते ठरवणार. मोठा निधी मिळाला असता तर ही पट्टी किनाऱ्यावरच्या प्रत्येक दवाखान्यात गेली असती. कोणाचाही रिपोर्ट बाराव्याला आला नसता.

नियम एकच आडवा आला. पेशंटच्या बाजूनं बघणारी एक समिती हवी, आणि तीत एक सामान्य माणूस हवा, डॉक्टर नसलेला. निवृत्त हेडमास्तर तयार होते, बँकेचे मॅनेजर तर कोट शिवून तयार होते.

"मान हलवणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत," डॉक्टर म्हणाले, आणि बाजारात गेले.

पहिल्या बैठकीला ती मासळी विकून थेट आली. प्रोफेसर छान माणूस, मऊ बोलायचे, दर वाक्याला "आपण सगळे मिळून" म्हणायचे. बीजनिधी म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"ह्या बी तुमी मिठाच्या पाण्यात घातलास?"

"म्हणजे?"

"पेरूच्या आदी बी मिठाच्या पाण्यात घालतत. पोचट आसा ता वर येता."

प्रोफेसर मनापासून हसले. डॉक्टर हसले नाहीत. ती तर नाहीच.

मग संमतीपत्र. ते तिनं दोनदा वाचून घ्यायला लावलं, एकदा माझ्याकडून आणि एकदा प्रोफेसरांकडून, दोघं तेच वाचतात की नाही ते बघायला. वाचून झाल्यावर म्हणाली, "ह्येच्यात वाटो खंय आसा?"

प्रोफेसरांना कळेना. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की रापण ओढताना दोरीला ज्यानं ज्यानं हात लावला त्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो, मग तो नुसता दोरीला टेकून उभा राहिलेला म्हातारा का असेना.

"तुमच्या ह्या कामात दोरयेक हात कोणाचो?" ती म्हणाली. "रगात देतल्याचो. मगे तेका वाटो नको?"

"पेशंटला पैसे देता येत नाहीत, बाई. नियमच तसा—"

"पैशे कोण मागता? तेचो रिपोर्ट तेका मिळाक व्हयो. तुमच्या लॅबचो. तेच्या नावान." तिनं पदर पुन्हा खोचला. "आणि बाराव्याच्या आदी."

प्रोफेसरांची रीत अशी, की नावं नाहीत, नुसते नंबर, आणि निकाल शहरातल्या कपाटात. पण डॉक्टरांनी मान वर न करता तिचं म्हणणं इतिवृत्तात लिहून टाकलं. प्रोफेसरांनीही "हो, हो, का नाही" म्हटलं. इतक्या सहज म्हटलं, की तिनं तिथल्या तिथे त्यांच्याकडे बघून म्हटलं, "असात."

पुढे सगळं झकास चाललं. नळ्या बर्फात घालून पाठवायला तिनंच आपली थर्माकोलची पेटी दिली, कारण तिच्या मते सरकारी पेटीतला बर्फ मालवणची वेस ओलांडायच्या आधी पाणी होतो. पेटीवर 'सुरमय' असं लिहिलेलं होतं. एका कंडक्टरनं पेटीचा वास घेऊन "एकदम ताजी दिसते" म्हटलं होतं, आणि आत होतं अकरा माणसांचं रक्त. शहरातून रिपोर्ट वेळेवर यायचे, नावासकट. पट्टी 'आहे' म्हणाली की शहरही 'आहे' म्हणायचं, पट्टी 'नाही' म्हणाली की शहरही 'नाही'. एवढं एकमत मी नवरा-बायकोत पाहिलेलं नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उजेड आला. इस्पितळाच्या मागे नव्या लॅबचे चार खांबसुद्धा उभे राहिले.

मग तिच्या दिराला ताप आला.

पट्टीवर एकच रेघ उठली. डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि घरी न्यायला सांगितलं. तिनं भावोजींना बाकावर बसवलं, अंगठ्यानं त्यांची खालची पापणी ओढली, अगदी सरंगा बघावा तशी, आणि डॉक्टरांना हाक मारली. ती हाक किल्ल्यात ऐकू गेली, ह्यावेळी खरोखरच.

"डॉक्टर, डोळे बगा."

"काकी, पट्टयेर नाय इला."

"तुमच्या पट्टयेक डोळे नाय. माका आसत. ह्येंचे असेच झाले होते."

"सगळ्यांका असो ताप—"

"घराक नेवचंय नाय. हयसर बसतलंय."

आणि बसली. ओपीडीच्या दारात, दिराचं डोकं मांडीवर घेऊन. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला ओलांडून जावं लागत होतं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले, तिच्यापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी स्वतः पापणी ओढून बघितली. बराच वेळ बघितली. मग भावोजींना भरती करून इंजेक्शनं सुरू केली, पट्टी 'नाही' म्हणत असताना. दोन दिवसांनी भावोजी हळदीसारखे पिवळे झाले. मग तो पिवळेपणा हळूहळू उतरत गेला, आणि एक दिवस खाटेवर उठून बसून त्यांनी बांगड्याची कढी मागितली.

शहरातून त्यांचाही रिपोर्ट आला. 'नाही.'

डॉक्टरांनी फोन केला. प्रोफेसर म्हणाले, पट्टी नाही म्हणते, आमची तपासणी नाही म्हणते, म्हणजे ताप दुसराच होता. त्या इंजेक्शनानं दुसरेही ताप उतरतात. बरोबरच होतं. डॉक्टरांनी तिला ते जसंच्या तसं सांगितलं.

"असात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या लॅबमध्ये आली. आधी ती कधी आत आली नव्हती. सगळ्या बाटल्यांचे वास घेऊन झाल्यावर तिनं विचारलं, "त्या पेटयेत काय काय धाडतंस?"

"नळये. आणि एक तक्तो."

"तक्त्यार काय लिवतंस?"

"नाव, वय. आणि पट्टी काय म्हणाली ता."

"म्हंजे आदी भाव सांगतंस आणि मगे मासो दाखवतंस."

वर्षभर मी तो तक्ता अगदी सुंदर अक्षरात लिहीत होतो.

तिनं बाही वर केली. "माजा रगात काड. दोन नळयेत. एक नळी माज्या नावान, आणि तक्त्यार लिव, पट्टी नाय म्हणता. दुसरी दुसऱ्याच्या नावान, आणि लिव, पट्टी होय म्हणता."

"काकी, ह्या खोटा लिवचा? माजी नोकरी जायत."

"ह्येंचो जीव गेलो," ती म्हणाली. आवाज न चढवता.

मी सुई काढली. एकच टोचणी, दोन नळ्या. पट्टी मी इमानदारीनं लावून बघितली. दोन्हीला एकच रेघ, ती तर धडधाकट होती. मग तक्ता पुढे ओढला. जन्मात पहिल्यांदाच खोटं लिहिलं असं म्हणणार होतो, पण तुम्ही मला आता ओळखता.

"दुसरा नाव कोणाचा घालू?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. "जित्या माणसाचा नको. उगीच तेका कोणी इंजेक्शन मारीत." मग म्हणाली, "ह्येंचाच घाल. ह्येंका आता कोण काय करतलो?"

मी काकांचं नाव लिहिलं. वय लिहिताना अडलो. तिनं सांगितलं ते त्यांच्या जाण्याच्या वर्षीचं होतं. मी तेच लिहिलं.

आठवड्यात दोन्ही रिपोर्ट आले. तिचा: 'नाही.' काकांचा: 'आहे.'

मी कागद घेऊन बाजारात पळत गेलो. तिनं हात पुसले, बोट ठेवून ठेवून दोन्ही वाचले, तिच्या नावाचा आधी आणि काकांचा मग. काकांचा वाचायला तिला जास्त वेळ लागला. मला वाटलं, आता ही अशी ओरडेल की बंदरातल्या होड्या सुटून कारवारला लागतील. ती ओरडली नाही.

"कानान खातत," एवढंच म्हणाली, आणि दोन्ही कागद कमरेला खोचले.

वर्षअखेरच्या बैठकीला प्रोफेसर लॅपटॉप घेऊन आले. भिंतीवर रंगीत चित्रं पडली. पट्टी आणि शहरातली तपासणी, एकही फरक नाही. मोठा निधी जवळजवळ हातात आहे, फक्त समितीच्या सह्या हव्यात. डॉक्टरांनी पेन उघडलं. तेव्हा तिनं कमरेचे कागद काढून टेबलावर मांडले आणि सांगितलं, ह्या नावाच्या माणसाला जाऊन तीन वर्षं झाली.

तिथून प्रोफेसर ओरडायला लागले, ते मी सुरुवातीला सांगितलंच. त्यांचं ओरडून झाल्यावर तिनं सांगितलं, दोन्ही नळ्यांतलं रक्त माझंच, एकाच टोचणीचं.

"हा गुन्हा आहे! संशोधनात खोटा नमुना घुसवलात तुम्ही!"

"होय," ती म्हणाली. "खोटो मी धाडलंय. खरो म्हणान तुमी परत धाडलास."

जिन्यावरचा कोणीतरी शिंकला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "तक्ता कोणी लिहिला?"

"मी." मी भिंत सोडून पुढे आलो.

डॉक्टरांनी पेन बंद केलं आणि प्रोफेसरांकडे वळले. "सर, भावोजींची नळी तुमच्याकडे कोणी उघडली होती का?"

प्रोफेसरांनी तोंड उघडलं. "माझी माणसं..." ते म्हणाले. "काम फार साचलं होतं. माझी माणसं..." मग खाली बसले आणि पाणी प्यायले. तिच्याच पुढ्यातलं.

त्यांना आधी ठाऊक होतं का? ही गोष्ट मी आजवर सात प्रकारे सांगितली आहे. चार वेळा ठाऊक होतं, तीन वेळा नव्हतं. तिला विचारलं तर म्हणायची, "असात," आणि कुठल्या बाजूनं ते सांगायची नाही.

निधीवाल्यांना सगळं डॉक्टरांनी स्वतः लिहून कळवलं. प्रोफेसरांच्या शीतपेटीत पडून राहिलेल्या नळ्या दुसऱ्या लॅबला दिल्या, ह्यावेळी तक्त्याशिवाय. भावोजींची नळी 'आहे' म्हणाली. आणखीही बऱ्याच नळ्यांनी पट्टीला खोटं पाडलं. मोठा निधी आला नाही. नव्या लॅबचे चार खांब तसेच राहिले, त्यांच्यावर कोणीतरी जाळी वाळत घालायला लागलं. विश्वस्त वर्षभर डॉक्टरांना ऐकवायचे, एका मासेवालीच्या पायी निधी घालवलात. डॉक्टर ऐकून घ्यायचे. पण पुढच्या पावसाळ्यापासून तापाचा माणूस आला की ते आधी त्याची पापणी ओढून बघायचे, पट्टी असो वा नसो, आणि तसे डोळे दिसले की रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करायचे. त्या पावसाळ्यात काही माणसं हळदीसारखी पिवळी होऊन आली आणि आपल्या पायांनी घरी गेली. त्यांचा हिशोब कुठल्याच निधीत धरला नाही.

माझी नोकरी गेली नाही. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा खोटं लिहिलंस तर हाकलीन." आणि जाता जाता, "आणि पुन्हा तक्ता पेटीत घातलास तरी हाकलीन."

दुसऱ्या वर्षी प्रोफेसर पुन्हा आले. निधी नव्हता, लॅपटॉप नव्हता. एस.टी.नं, एक पिशवी घेऊन, सुधारलेली पट्टी पुन्हा पहिल्यापासून तपासू म्हणून. तिनं त्यांना घरी जेवायला बोलावलं, तेव्हाच मला कळलं काय होणार ते. दोन वाट्या पुढे आल्या.

"ह्या वाटयेत आजचो बांगडो. ह्या वाटयेत कालचो."

प्रोफेसरांनी एक चाखला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. कपाळावर घाम, पण तो तिखटाचाही असेल. "मला दोन्ही सारखेच लागतात," ते शेवटी म्हणाले. "माझं चुकत असेल."

ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग सावकाश माझ्याकडे वळली. "कोणीतरी ह्येंका सांगलेला दिसता."

मी शपथ घेतो, मी काही सांगितलं नव्हतं. म्हणजे, फारसं नाही.

तरीही तिनं त्यांच्यापुढे बोट धरलं. "घेवा रगात. पण तक्तो हयसरच रवतलो."

पुढे मला वेंगुर्ल्याला जागा मिळाली. खोली सोडायच्या दिवशी ती माझी बॅग तपासायला आली, मी तिची किसणी नेत नाही ना ते बघायला. नेत होतो. किसणी काढून घेऊन मग तिनं आपली ट्रंक उघडली, मला द्यायला सुक्या बांगड्यांचं पुडकं काढायला. पुडक्याच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, कोऱ्या साडीच्या घडीवर, तो रिपोर्ट होता. काकांच्या नावाचा. 'आहे.'

"काकी," मी म्हटलं, "खरो रिपोर्ट तेवा माज्या खिशात परत घातलंस. ह्यो खोटो कित्याक जपान ठेवलंस?"

तिनं पिशवी होती तशी नीट केली आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

"ह्यो वेळार इलो," ती म्हणाली.